अतिरिक्त कार्यभार अंगावर, कारणे दाखवा नोटीस हातात: खुलासा कसा लिहायचा

एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन ग्रामपंचायती आणि एका तलाठ्याकडे दोन साझे. शाळेतले गुरुजी वर्गही घेतात आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादी घेऊन दारोदारही फिरतात. आपल्या विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात हेच चित्र दिसेल. 2024 मध्ये ग्रामसेवकाचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. रिकाम्या जागांचा भार मात्र आहे त्याच माणसांच्या खांद्यावर राहिला. आदेश दोन ओळींचा येतो: ‘पुढील आदेशापर्यंत आपले मूळ पदाचे काम सांभाळून अतिरिक्त कार्यभार सांभाळावा.’ चार महिन्यांनी त्याच टेबलावरून दुसरा कागद येतो, ‘कामात हयगय केल्याचे दिसून आल्याने...’

कागद हातात पडला की माणसं दोन टोकाला जातात. काही जण हबकतात, रात्रभर झोपत नाहीत आणि सकाळी ‘माफ करावे, पुन्हा असे होणार नाही’ असं चार ओळीत लिहून मोकळे होतात. काही जण म्हणतात, ‘जाऊ द्या नं बाप्पा, नोटीस तं येतच रायते,’ आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकतात. दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. खुलासा साहेबांना उद्देशून लिहिलेला असला तरी पुढे तो अपील ऐकणारे अधिकारी वाचतील, कदाचित न्यायाधीश वाचतील, आणि त्यांच्यापैकी कोणी तुमचं गाव पाहिलेलं नसेल. त्या अनोळखी माणसाला फाईलमधूनच सगळं कळलं पाहिजे.

आधी कागद कोणता आहे ते पाहा

वरिष्ठांकडून येणारा प्रत्येक कडक कागद सारखा नसतो. नुसता ‘खुलासा सादर करावा’ असं ज्ञापन ही पहिली पायरी. ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगविषयक कार्यवाही का प्रस्तावित करण्यात येऊ नये’ ही भाषा आली की ती कारणे दाखवा नोटीस. आणि ज्याला जोडपत्र एक ते चार लावलेले असतात, म्हणजे दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी, ते दोषारोपपत्र. तिथून विभागीय चौकशी सुरू होते.

कागदात कोणत्या नियमाचा उल्लेख आहे तेही पाहा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी यांना, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू आहेत. ग्रामसेवक, जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, आरोग्य सेवक यांना जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, 1964. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा कायदा 1977 चा आणि नियमावली 1981 ची, तिथली वाट वेगळी. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत करारातल्या अटी पाहाव्या लागतात.

1979 च्या नियमांत शिक्षेचे दोन गट आहेत. ठपका ठेवणं, वेतनवाढ किंवा पदोन्नती रोखणं, शासनाचं झालेलं नुकसान पगारातून वसूल करणं या किरकोळ शिक्षा. खालच्या पदावर आणणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी या जबर शिक्षा. जबर शिक्षेसाठी नियम 8 प्रमाणे पूर्ण चौकशी लागते: साक्षीदार, उलटतपासणी, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल. किरकोळ शिक्षेसाठी नियम 10 आहे. त्यात दोषारोप कळवायचे, म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची आणि त्या लेखी म्हणण्यावर विचार करून आदेश काढायचा, एवढं पुरतं. म्हणजे वेतनवाढ रोखण्याच्या बहुतेक प्रकरणांत तुमचा खुलासा हाच तुमचा संपूर्ण बचाव असतो, कारण पुढे साक्षीदार बोलावायची वेळ येईलच याची खात्री नसते. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. नोटिशीच्या शेवटी नेहमीची ओळ असतेच: ‘मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपणास काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून एकतर्फी कार्यवाही करण्यात येईल.’

मुदत बहुधा तीन दिवसांची किंवा सात दिवसांची असते, कधीकधी 24 तासांचीही. ज्या कागदांच्या आधारे आरोप केला आहे ते तुमच्याकडे नसतील, तर मुदतीच्या आतच एक छोटं पत्र द्या: अमुक अमुक कागदांच्या प्रती मिळाव्यात, त्या मिळाल्यापासून इतक्या दिवसांत सविस्तर खुलासा सादर करतो, तोपर्यंत हा प्राथमिक खुलासा समजावा. आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. पंचायत समितीचं आवक टेबल पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

एक नोटीस जवळून पाहू

कल्पना करा, एक ग्रामसेविका ताई आहेत. मूळ ग्रामपंचायत एक, आणि 1 जुलैपासून 18 किलोमीटरवरच्या दुसऱ्या ग्रामपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांची नोटीस येते. आरोप चार:

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अनुपस्थित. घरकुलाच्या 14 लाभार्थ्यांचं जिओ टॅगिंग (बांधकामाचा जागेच्या नोंदीसह फोटो पोर्टलवर चढवणं) प्रलंबित. मागील वर्षाच्या लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता नाही. 24 सप्टेंबरच्या आढावा बैठकीला गैरहजर. आणि शेवटी, ‘यावरून आपण कर्तव्यात कसूर करून बेजबाबदारपणे वागत असल्याचे सिद्ध होते.’

ताई घाईत खुलासा लिहितील तर असा लिहितील: ‘माझ्याकडे दोन ग्रामपंचायतींचा कार्यभार असल्याने कामाचा ताण आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि तरीही हा खुलासा लंगडा आहे. चारपैकी एकाही आरोपाला त्यात उत्तर नाही. ‘दोन गावचं काम कसं जमन साहेब?’ हे बैठकीत तोंडी म्हणायला ठीक, कागदावर मात्र भार नेमका कोणत्या तारखेला, कोणत्या कामाच्या आड आला हे दाखवावं लागतं.

पहिला आरोप. गांधी जयंतीला दोन्ही गावांत ग्रामसभा होत्या. ताई मूळ गावच्या सभेत होत्या. इतिवृत्ताची प्रत, ठरावावरची सही आणि सभा सुरू झाल्याची वेळ जोडली की काम झालं. त्यांनी 25 सप्टेंबरला ‘दोन्ही सभा एकाच दिवशी व एकाच वेळी असल्याने एका ठिकाणी पर्यायी कर्मचारी द्यावा’ असं पत्र दिलेलं असेल, तर त्याची पोच या एका मुद्द्यावर सगळ्यात वजनदार.

तिसरा आरोप वाचताना तारखेवर बोट ठेवा. आक्षेप मागील वर्षाचे, कार्यभार 1 जुलैचा. तो काळ ताईंचा नाही. पण इथे एक अडचण येते. ‘आक्षेप जुने असले तरी पूर्तता करणं आत्ताच्या माणसाचं काम’ असं उत्तर कार्यालय देऊ शकतं, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून नुसतं ‘माझ्या काळातील नाही’ लिहून थांबू नका. रोकडवही, प्रमाणकं, नमुना 8 (कर आकारणी नोंदवही) यातलं काय चार्जमध्ये मिळालं, काय मिळालं नाही, न मिळालेलं दप्तर केव्हा मागितलं हे सांगा. दप्तरच हातात नसेल तर पूर्तता कशाच्या आधारावर करायची, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

चौथा आरोप. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन आडवं पडलं, कपाशीत पाणी साचलं, आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांच्या संयुक्त पंचनाम्याचे आदेश तहसीलदारांनी काढले. 24 तारखेला ताई शेताच्या बांधावर होत्या. तो आदेश आणि त्या दिवशीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडायच्या. एका शासकीय आदेशाचं पालन करताना दुसरा पाळता आला नाही, हे इथे कागदावरून दिसतं. भामरागडसारख्या भागात तर कारण याहून उघड असतं. पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्कच तुटतो. पण ते सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून लिहायचं सोडू नका. तहसीलचा त्या तारखेचा पूर अहवाल मागून घ्या आणि जोडा.

आता दुसरा आरोप, जिथे बहुतेक जण चुकतात. 14 पैकी 9 लाभार्थ्यांचं टॅगिंग नोटिशीच्या आधीच झालेलं आहे, पोर्टलवरची तारीख तसं सांगते. दोघांचा पायाच खोदलेला नाही, कुटुंब मजुरीसाठी बाहेरगावी गेलं आहे. उरले तीन. त्या तिघांचं टॅगिंग खरंच ताईंकडून राहून गेलं. इथे काय लिहायचं? माझं मत ठाम आहे: खरं लिहायचं. असं:

‘मुद्दा क्र. 2 : 14 पैकी 9 लाभार्थ्यांचे जिओ टॅगिंग दि. 30 सप्टेंबरपूर्वी पूर्ण झाले आहे (पोर्टलवरील यादी, सहपत्र 4). 2 लाभार्थ्यांचे बांधकाम सुरू झालेले नाही (सरपंच यांचा दाखला, सहपत्र 5). उर्वरित 3 लाभार्थ्यांचे काम माझ्याकडून प्रलंबित राहिले हे मान्य आहे. या कालावधीत मी पंचनाम्याच्या कामी होते. सदर काम दि. 20 ऑक्टोबर रोजी पूर्ण करून अहवाल सादर करते.’

तीन मान्य केले म्हणून ताई अडकत नाहीत. उलट बाकी अकरांबद्दल त्या जे सांगतात त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. सगळंच नाकारणाऱ्याचं एक जरी खोटं पोर्टलवर उघडं पडलं, की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही संशय येतो. मात्र जे केलं नाही ते साहेबांच्या समाधानासाठी कबूल करू नका. ‘एक माफीनामा देऊन टाका, मी प्रकरण मिटवतो’ असं कोणी सांगितलं तरी नाही. तो माफीनामा फाईलला लागतो, साहेबांची बदली होते आणि कागद तिथेच राहतो.

निष्काळजीपणा आणि गैरवर्तन

ही बाब आपल्या कर्मचाऱ्यांना फारशी माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये भारत सरकार विरुद्ध जे. अहमद या प्रकरणात सांगितलं आहे की काम करण्यात कमी पडणं, अपेक्षित दर्जा गाठता न येणं हे एवढ्यावरून गैरवर्तन ठरत नाही. 1960 मध्ये आसामच्या नवगाव जिल्ह्यात दंगली झाल्या, तेव्हाच्या उपायुक्तांवर परिस्थिती नीट हाताळली नाही, पुढाकार घेतला नाही, असे आरोप होते. न्यायालयाने ते गैरवर्तन मानले नाहीत. पण त्याच निकालात अपवादही आहे. निष्काळजीपणाचा परिणाम भरून न येणारा असेल किंवा नुकसान फार मोठं असेल, तर तोही गैरवर्तन ठरू शकतो. पैशांचा अपहार, खोट्या नोंदी, मागची तारीख टाकणं यांना तर हा आधार अजिबात मिळत नाही. म्हणून अतिरिक्त भारामुळे काम मागे पडलं असेल तर ‘हा उशीर आहे, हेतुपुरस्सर कसूर नाही आणि यामुळे शासनाचं आर्थिक नुकसान झालेलं नाही’ हे वाक्य खुलाशात हवं. अर्थात ते खरं असेल तरच.

‘सिद्ध होते’ या शब्दांकडेही पाहा. नोटीस देतानाच दोष सिद्ध झाला असं लिहिलेलं असेल, तर उत्तराची संधी नावापुरतीच उरते. 2010 मध्ये ओरिक्स फिशरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला होता: नोटीस देणाऱ्याचं मन उघडं असलं पाहिजे, आधीच निष्कर्ष काढलेला नको. खुलाशात हे भांडणाच्या सुरात लिहू नये. ‘नोटिशीत दोष सिद्ध झाल्याचे नमूद आहे. माझे म्हणणे विचारात घेण्यापूर्वी असा निष्कर्ष काढण्यात येऊ नये, ही नम्र विनंती’ एवढं पुरे. पुढे अपिलात हा मुद्दा उघडा राहतो. केवळ नोटीस आली म्हणून मात्र थेट न्यायालयात धाव घेऊ नका. नुसत्या नोटिशीत न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

शिक्षकांसाठी वेगळी सूचना

शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 27 प्रमाणे शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही, पण दहावार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून वगळलं आहे. ‘हे आमचं कामच नाही’ असं लिहून बीएलओच्या नोटिशीला उत्तर देणारे शिक्षक इथेच फसतात. मतदार यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कसूर केली, तर लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या कलम 32 खाली किमान तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. त्यासाठी निवडणूक आयोगाच्या किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशाने तक्रार दाखल व्हावी लागते, उठसूट कोणी गुन्हा नोंदवू शकत नाही. तरी ही नोटीस हलक्यात घेण्यासारखी नव्हे. तुमच्या बाजूने उपयोगी पडेल असा निकाल 2007 चा आहे, सेंट मेरी स्कूल प्रकरण. शिक्षकांना मतदार यादीचं काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. शाळेच्या वेळेत बीएलओचं काम आणि त्याच वेळेत वर्ग घेतला नाही म्हणून केंद्रप्रमुखांचा शेरा, असं झालं असेल तर दोन्ही आदेश तारखेसह शेजारी ठेवा आणि या निकालाचा उल्लेख करा.

खुलाशाची तयारी चार्ज घेतानाच

अतिरिक्त कार्यभार नाकारायचा विचार मनात येतो, तो समजण्यासारखा आहे. पण आदेश लेखी असताना रुजूच न होणं म्हणजे अवज्ञेचा सरळ आरोप ओढवून घेणं. कार्यभार घ्या, आणि घेतानाच यादी करा: कोणतं दप्तर मिळालं, रोकडवहीची शिल्लक किती, कोणती कामं आधीपासून प्रलंबित. देणाऱ्याची सही घ्या. देणारा बदलून निघून गेला असेल तर सरपंच आणि विस्तार अधिकाऱ्यांसमोर पंचनामा करून घ्या.

आठ-पंधरा दिवसांत एक पत्र द्या. तक्रारीचं नको. दोन्ही ठिकाणची लोकसंख्या, अंतर, चालू योजना, आठवड्यातले कोणते दिवस कुठे बसणार याचा फिरती कार्यक्रम, आणि शेवटी एक प्रश्न: यातील कोणत्या कामास प्राधान्य द्यावे, कृपया लेखी कळवावे. उत्तर येईलच असं नाही. पण तुम्ही विचारलं होतं याची नोंद राहते, आणि चार महिन्यांनी ‘आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न उरत नाही. त्याच पत्रात अतिरिक्त कार्यभाराच्या वेतनाबद्दलही विचारा. त्याची तरतूद नियमात आहे, पण अटींसह, आणि मागितल्याशिवाय फाईल हलत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचे आदेश हा आता रोजचा प्रश्न झाला आहे. रात्री दहा वाजता मेसेज येतो, सकाळी दहाला माहिती हवी असते, आणि आठवड्याने नोटिशीत ‘वारंवार सूचना देऊनही’ असं लिहिलेलं असतं. महत्त्वाच्या मेसेजला ग्रुपवरच उत्तर द्या, ‘आज अमुक ठिकाणी पंचनाम्यात आहे, उद्या दुपारपर्यंत सादर करतो’, आणि स्क्रीनशॉट ठेवा. दैनंदिनी रोजच्या रोज लिहा. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली दैनंदिनी लगेच ओळखू येते आणि ऐन वेळी तुमच्याच विरुद्ध जाते.

शिक्षेचा आदेश आला तर

आदेश कोणी काढला ते पहिल्यांदा पाहा. खुलासा कोणताही वरिष्ठ मागू शकतो. शिक्षा मात्र नियमांनी ठरवलेला सक्षम प्राधिकारीच देऊ शकतो. मग आदेशात तुमच्या मुद्द्यांचा विचार झाला आहे का ते वाचा. ‘खुलासा समाधानकारक नसल्याने अमान्य’ एवढंच लिहून वेतनवाढ रोखली असेल, कारण दिलंच नसेल, तर अपिलात तो पहिला मुद्दा. मुदत पाळा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे जावं लागतं, पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांसाठी अमरावतीला, पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांसाठी नागपूरला. त्यानंतर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. मॅटचा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) रस्ता राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, त्याचंही खंडपीठ नागपुरात आहे.

निलंबन झालं आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र मिळालं नाही, तर 2015 च्या अजयकुमार चौधरी निकालाचा आधार घेऊन निलंबनाचा आढावा घेण्याची लेखी मागणी करा. निलंबनकाळातला निर्वाह भत्ता हा हक्क आहे, तो मागायला संकोच नको.

आणि खुलासा देऊन कोणी काही बोललंच नाही तर? बहुतेक प्रकरणं अशीच लटकत राहतात. सगळं विसरल्यासारखं होतं, आणि 10, 20 किंवा 30 वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मंजूर करताना आस्थापनेचा लिपिक ती जुनी नोटीस बाहेर काढतो. म्हणून दोनेक महिन्यांनी एक ओळीचं पत्र द्या: ‘संदर्भीय नोटिशीस खुलासा सादर केला असून त्यावरील निर्णय अवगत करावा.’ उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून स्वतःच्याच खुलाशावरची टिपणी मागा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘प्रकरण नस्तीबंद’, म्हणजे फाईल बंद, असं लेखी मिळालं की त्याची एक प्रत सेवापुस्तकासोबत लावून घ्या आणि दुसरी घरी ठेवा.